दिव्याला पडलेलं खळं

फार फार पूर्वी, ज्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला सांगता येत नाहीत त्यांच्या काळात, एका डोंगराच्या उतारावर कशिदा काढणाऱ्या बायकांचं एक गाव होतं. लहानांनी ऐकावी म्हणून मी ही गोष्ट सांगते आहे, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. माझा राग मोठ्यांवरच आहे.

त्या गावातले पुरुष शेती करत, गुरं राखत, आणि बायका कापडावर रेशमानं वेली, फुलं, मोर उठवत. सुई इतकी बारीक की हातातून पडली तर पुन्हा सापडायची नाही. दिवसा त्या अंगणातल्या उजेडात बसत आणि दिवेलागणीनंतर समईजवळ. लांबलांबच्या लग्नघरांतून त्यांच्या कशिद्याला मागणी असे.

गावात देवीचं देऊळ होतं. दर जत्रेला देवीला नवा शेला चढे आणि त्यावर देवीचा मुखवटा रेशमानं भरलेला असे. कपाळ, नथ, मुकुट, सगळं काम बायका आपसात वाटून घेत. मुखवट्याचे डोळे मात्र एकाच बाईनं भरायचे, असा रिवाज होता. ती बाई कशी निवडत, ते नीट ऐका.

चंद्राभोवती कधीकधी खळं पडतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या गावात एखाद्या बाईला तसंच खळं संध्याकाळी समईच्या ज्योतीभोवती दिसू लागे. आत निळसर, बाहेर तांबूस, रंगीत आणि देखणं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुणाला ते दिसत नसे. बाई हरखून घरात सांगे, घरचे देवळाकडे पळत, आणि पुजारीबुवा डोळे मिटून म्हणत, "देवीनं दर्शन दिलं." मग तिची ओटी भरायची, तिला हिरवं लुगडं नेसवायचं आणि शेल्यावरचे डोळे तिच्या हातून भरून घ्यायचे. तिला सगळे खळ्याची बाई म्हणत.

पुढे त्या बाईचं कपाळ ठणकू लागे. डोळा लाल होई. दारातून जाताना तिचा खांदा चौकटीला आपटे, कारण समोरचं दिसलं तरी बाजूचं दिसेनासं झालेलं असे. गाव म्हणे, देवी तिला आपल्याकडे ओढते आहे. शेवटी एक दिवस तिला काहीच दिसायचं नाही. तेव्हा तिला वाजतगाजत देवळाच्या ओसरीवर नेऊन बसवत. त्या ओसरीचं नाव मानाची ओसरी. देवीनं डोळे पदरात घेतलेल्या बायका तिथं ओळीनं बसत आणि लोक त्यांच्या पायांवर डोकी ठेवत.

डोकी ठेवत, बरं का. पण सकाळी हात धरून परसाकडे नेणारं कुणी वेळेवर येत नसे. पाण्याचा तांब्या चाचपडताना कलंडला, तर दुसरं कुणी येईपर्यंत घसा कोरडा ठेवून बसायचं. एकदा तर एका बाईच्या पदराला उदबत्तीनं भोक पडलं आणि तिला ते वासावरून कळलं, तोवर भक्त तिच्या पाया पडून निघूनही गेला होता. असल्या जागेला मानाची ओसरी म्हणायला त्या लोकांची जीभ कशी रेटत होती, देव जाणे.

त्या ओसरीवर एक म्हातारी बसत असे. तिची लेक गावातच दिली होती आणि कशिद्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लहानपणापासून लेकीनं एकच स्वप्न पाहिलं होतं, ते म्हणजे आईसारखं आपणही देवीचे डोळे भरायचे. रोज संध्याकाळी समई लावली की ती ज्योतीकडे टक लावून बघे.

आणि एका संध्याकाळी तिला ते दिसलं.

नेमकी त्या वेळी तिच्या घरी एक पाहुणी होती. नदीपलीकडच्या गावची वैद्यबाई. ती डोळ्यांचंच औषधपाणी करायची, आणि भाचीच्या लग्नासाठी एक पदर भरून घ्यायला आली होती. बाई जरा तिखट जिभेची, पण हात हलका होता.

"खळं! अहो, खळं दिसलं!" लेक ओरडली आणि तिनं आनंदानं टाळ्या वाजवल्या.

तिचा नवरा गोठ्यातून धावत आला. वैद्यबाई मात्र जागची उठली आणि तिनं समई उचलून बाजूला ठेवली.

"कधीपासून दिसतंय?"

"आजच नीट दिसलं. मागे एकदोनदा पुसटसं दिसलं होतं."

"कपाळ दुखतं? या भुवईच्या वर?"

"दुखतं की. काम केलं की दुखणारच."

वैद्यबाईनं तिचा एक डोळा झाकला, माझ्या नाकाकडेच बघ म्हणाली, आणि आपलं बोट कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणलं. बोट दिसलं की सांग, असं तिनं बजावलं होतं. बोट जवळजवळ गालासमोर आलं तेव्हा लेक म्हणाली, "हं, आता दिसलं." वैद्यबाईचा चेहरा उतरला.

"पोरी, हे दर्शनबिर्शन काही नाही. तुला काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी मोरी तुंबावी तसं आत तुंबतं आणि डोळ्याची मागची नस दाबून मारतं. मोतीबिंदू असता तर थोडं थांबलं तरी चाललं असतं, तो काढता येतो. हा थांबत नाही, आणि यानं नेलेली नजर मला परत आणता येत नाही. कुणालाच येत नाही. उरलेली राखता येते. माझ्याबरोबर उद्या चल."

लेकीला धक्का बसला, आणि मग राग आला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं आणि या बाईनं त्याला रोग म्हणावं! ती म्हणाली, "माझ्या आईलाही खळं दिसायचं."

"आणि तुझी आई आता कुठे आहे?"

"मानाच्या ओसरीवर."

"म्हणजे आंधळी झाली," वैद्यबाई म्हणाली. "हे आईकडून लेकीकडे येतं. म्हणून तर म्हणते, चल."

लेक गेली नाही. जत्रा तोंडावर आली होती. वैद्यबाईनं मग पिशवीतून औषधाची एक कुपी काढली आणि तिच्या हातात कोंबली. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घालायचा, बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, आणि जत्रा आटोपायची वाट न बघता नदीपलीकडे यायचं, असं तिनं नवऱ्यालाही दोनदा बजावलं. सकाळी ती निघून गेली.

नवऱ्याच्या आग्रहाखातर लेकीनं औषध घातलं. कपाळाचा ठणका कमी झाला, डोळ्याची लाली गेली. संध्याकाळी तिनं समई लावली आणि ज्योतीकडे पाहिलं. ज्योत नुसतीच ज्योत होती. खळं गेलं होतं.

तुम्ही-आम्ही असतो तर देवाला साखर ठेवली असती. ही बाई मात्र गुडघ्यात डोकं घालून रडली, आणि तशीच उठून देवळात गेली.

पुजारीबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "परक्या बाईचं औषध डोळ्यात घातलंस, देवी रुसली. अजून वेळ आहे. ते औषध टाकून दे, ती परत येईल. ज्या बाईला खळं दिसत नाही, तिच्या हातून डोळे भरून घ्यायचे नाहीत, हा काही मी काढलेला नियम नाही. दुसरी कुणी बघावी लागेल."

त्या शेवटच्या वाक्यानं तिचा जीव कासावीस झाला. बाहेर येऊन ती ओसरीवर आईजवळ बसली.

"आई, तुला खळं दिसल्यावर पुढं काय झालं गं? खरं सांग. फार दुखलं का?"

 म्हातारीच्या पायांवर सकाळची फुलं अजून तशीच होती. ती म्हणाली, "नाही गं बाळ. देवीनं अलगद जवळ घेतलं."

म्हातारी खोटं बोलली. मला तिचा राग येतो आणि तिची दयाही येते. डोळे गेले, हातातली सुई गेली, नातवंडांचे चेहरे गेले, आणि त्या बदल्यात तिला मिळाला होता तो फक्त हा मान. तोही खोटा म्हणायचा तर तिच्याजवळ उरायचं काय? एवढा विचार करून ती बोलली, लेकीचा विचार त्यात मागे पडला.

घरी येऊन लेकीनं कुपी न्हाणीत उपडी केली. नवरा म्हणाला, "अगं, काय करतेस! ती बाई काय म्हणाली होती?" तिनं त्याला तुम्हाला यातलं काय कळतंय म्हणून गप्प बसवलं, आणि तो गप्प बसला. थोड्याच दिवसांत खळं परत आलं. पूर्वीपेक्षा मोठं आणि ठसठशीत. बरं करणारं औषध फेकून देऊन आजार पुन्हा घरात आला म्हणून त्या घरात पुरणपोळी झाली! नवरा सोडला तर सबंध गावात एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे शेल्यावरचा उजवा डोळा आधी भरून ठेवलेला होता आणि डावा देवळातच, सगळ्यांच्या देखत पुरा करायचा होता. गाभाऱ्यासमोर उजेड कमी, धूप कोंदलेला, माणसांची दाटी. लेक हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. दोन दिवसांचा उपास होता. सुई ओवायलाच तिला फार वेळ लागला. बायका एकमेकींना कौतुकानं म्हणाल्या, बघा कशी तंद्री लागली आहे.

थोडे टाके पडले आणि तिनं सुई सोडून कपाळ धरलं. डोळा कुणी आतून फोडत असावं तशी कळ आली. "दिवे विझले का?" ती म्हणाली. दिवे विझले नव्हते. मग ती जागच्या जागी ओकली आणि पाटावरून खाली कोसळून किंचाळू लागली.

पुजारीबुवांनी हात वर केले. "देवी आली!"

आणि ढोल सुरू झाले. तिची किंकाळी वाढली तसे ढोल वाढले. लोकांनी हळद उधळली, ती तिच्या त्या लाल झालेल्या, पाणी गळणाऱ्या डोळ्यात गेली. गुलाल उधळला. "मला घरी न्या, मला घरी न्या," असं ती म्हणत होती. पुढच्या रांगेतल्या माणसांना ते स्पष्ट ऐकू येत होतं आणि ते हात जोडून उभे होते. तिचा नवरा गर्दी रेटत होता, पण त्याला कुणी पुढे येऊ देईना.

ओसरीवर म्हातारी बसली होती. ढोलांच्या आवाजातून तिनं लेकीची किंकाळी वेगळी ओळखली. ती कळ कसली आहे, हेही तिनं ओळखलं, कारण तिच्याही वेळी ढोल असेच वाजले होते. ती उठली. ओसरीवरच्या बाईनं उठायचं नसतं, म्हणून लोक तिला खाली बसवायला धावले. ती भिंतीला हात लावत, माणसांना ढकलत, थेट गाभाऱ्यासमोर आली आणि चाचपडत ढोलावर आडवी पडली.

"बंद करा!"

ढोल थांबले. आता देवळात फक्त लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मी खोटं बोलले," म्हातारी म्हणाली. "पोरीशी खोटं बोलले, तुम्हा सगळ्यांशी बोलले. मला कुणी अलगद जवळ घेतलं नव्हतं. मी याच फरशीवर अशीच लोळत होते, आणि तुम्ही अशीच हळद उधळत होता. मला तेव्हापासून देवी दिसलेली नाही. मला अंधार दिसतो. सकाळी अंधार, दुपारी अंधार. लोक पाया पडतात तेव्हाही अंधारच. ओसरीवरच्या बाकीच्यांना विचारा."

ओसरीवरून एक रडण्याचा आवाज आला, मग दुसरा.

पुजारीबुवा म्हणाले, "म्हातारे, देवीसमोर काय बरळतेस! देवीला दिलेल्या डोळ्यांचा हिशेब मागतेस?"

"दिले कुठे? घेतले ते तुम्ही. बुवा, तुम्ही जन्मभर तिची पूजा करता. तुमच्या आधी तुमच्या वडिलांनी केली. तिला डोळे एवढेच आवडत असतील, तर तुमच्या घराण्यातल्या एकाचेही कसे नाही मागितले तिनं? द्या ना तुमचे. शेला अपुरा आहे."

पुजारीबुवा एक पाऊल मागे सरकले. त्यांनी नकळत दोन्ही डोळ्यांवर हात धरले. साऱ्या गावानं ते पाहिलं.

नवऱ्यानं गाडी जुंपली. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारी गाडीत बसली. खळ्याच्या बाईला घेऊन पहिल्यांदाच कुणी नदीपलीकडे निघालं होतं, आणि जत्रा सोडून निघालं होतं. मागून कुणीतरी शिव्याशाप दिले, कुणी नुसतंच बघत राहिलं.

वैद्यबाई दारातच होती. तिनं पोरीचा डोळा पाहिला आणि पहिल्यांदा कपाळावर हात मारून घेतला. मग औषधं सुरू केली. थेंब, काढा, पुन्हा थेंब. दुपार कलली तेव्हा ठणका उतरला आणि लेकीचं कण्हणं थांबलं. वैद्यबाईनं तिचा एक डोळा झाकून समोर हात नाचवला, मग दुसरा झाकून.

"डावा गेला," ती म्हणाली. आवाजात तिखटपणा नव्हता. "उजव्यात समोरचं बरंच उरलंय. तेवढं मी राखून देते, पण औषध जन्मभर घालावं लागेल. आता बारीक कशिदा विसर. आणि कुपी दिली होती ना गं तुला? एवढी साधी गोष्ट होती."

लेक भिंतीकडे तोंड करून पडली. ज्या हातांना गावात जोड नव्हती, ते हात पांघरुणाच्या कडा चाळवत राहिले.

म्हातारी उंबऱ्याजवळ बसली होती. तिनं विचारलं, "बाई, मला खळं दिसलं तेव्हा मी इथं आले असते तर?"

वैद्यबाई म्हणाली, "तेव्हा माझी सासू औषध द्यायची. याच घरात. बरंच राखलं असतं तिनं. नातवंडं दिसली असती तुम्हाला."

म्हातारीनं जावयाला हाक मारली. "आपण निघालो तेव्हा दिवस कुठं होता?"

"वर चढत होता, आई."

"आणि आलो तेव्हा?"

"डोक्यावर यायचा होता."

 म्हातारी म्हणाली, "माझ्या पाया पडायला माणसं चारचार मुक्काम करून यायची. पायांना फोड आलेले असायचे त्यांच्या, मला सांगायची कौतुकानं. आणि दुपारच्या जेवणाआधी पोचता येईल अशा या घरात मला एकानंही आणलं नाही."

 वैद्यबाईनं म्हातारीचा हात धरला आणि तिला परसाकडे घेऊन गेली.

त्या वर्षी देवीला शेला चढला नाही. म्हातारी ओसरीवर परत बसली नाही, आणि हळूहळू बाकीच्या बायकाही उठून आपापल्या घरी गेल्या. गावात अजून कुणाला दिव्याभोवती खळं दिसलं की पुजारीबुवा ओटीचं ताट घेऊन दाराशी येत, पण त्यांच्या आधी म्हातारी तिथं पोचलेली असे आणि जावयाची गाडी जुंपलेली असे. काहींचे डोळे वाचले. जे आधी गेले होते ते गेले, आणि त्याबद्दल त्या गावात आजवर कुणीही कुणाची माफी मागितलेली नाही.

तात्पर्य : जो दुखण्याची पूजा करतो आणि औषध अडवतो, तो दुखणेकऱ्याला लुटतो.